आपल्या कुळाचा सातवा पुरुष : विणकर संत देवर दासिमय्या

ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा प्रघात स्तुत्य आहे. यंदा हे काम चालक मंडळींनी आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तरावर सोपविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. चरित्रनायक निवडताना आम्हांस फारसा विचार करावा लागला नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आपली देवांग कोष्ट्यांची घरे थोडी आणि विखुरलेली. लग्नकार्याला किंवा देवीच्या उत्सवाला चार वडीलधारी माणसे एकत्र बसली म्हणजे कुळाची गोष्ट निघते. ती देवल महर्षींपासून सुरू होते आणि चौंडेश्वरी मातेच्या जयजयकारात संपते. देवल महर्षींच्या काळापासून आपल्या आजोबांपर्यंत मध्ये काय झाले, हे कोणी सांगत नाही. त्या मधल्या काळात एक पुरुष उभा आहे. पुराण त्याला देवलांचा सातवा अवतार म्हणते आणि इतिहास त्याला कन्नड भाषेतील आद्य वचनकारांत गणतो. त्यांचे नाव देवर दासिमय्या. त्यांचे चरित्र आपल्या मुलांना ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा लेख यथामति लिहिला आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी मूळ कथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण तिच्यावाचून सातव्या अवताराचा अर्थ उमगणार नाही. सृष्टी निर्माण झाली तेव्हा देव काय आणि मानव काय, कोणालाच वस्त्र नव्हते. झाडांच्या साली आणि पाने यांवर निभाव चालला होता. सर्वांची लाज राखली जावी म्हणून भगवान शंकरांनी आपल्या अंगापासून देवल ऋषींना निर्माण केले. देवाच्या अंगापासून झाले म्हणून त्यांचे वंशज देवांग, अशी या नावाची फोड परंपरेने केली आहे. वस्त्रासाठी सूत हवे. ते श्रीविष्णूंच्या नाभिकमळाच्या देठात होते. देवलांनी ते तंतू मागून घेतले. परतताना वाटेत दैत्यांनी त्यांना गाठले. तेव्हा त्यांनी आदिमायेचा धावा केला. सिंहारूढ चौंडेश्वरी प्रकट झाली, तिने दैत्यांचा संहार केला आणि त्यांच्या रक्तात भिजून तंतूंना पाच रंग चढले. पुढे देवलांनी वस्त्रे विणून देवांना दिली, मानवांना दिली आणि आमोदनगरीचे राज्यही केले.

आपल्या शेजारच्या विणकर ज्ञातींतही अशाच कथा आहेत. साळी बंधूंचे मूळ पुरुष भगवान जिव्हेश्वर शंकरांच्या जिव्हेपासून झाले आणि त्यांचे स्थान पैठणास मानतात. पद्मशाली बंधू मार्कंडेय ऋषींच्या कुळातील भावनाऋषींना मूळ पुरुष मानतात आणि त्यांनीही कमळाच्या तंतूंचेच वस्त्र विणले असे सांगतात. नावे वेगळी, गावे वेगळी, परंतु कथांचे सूत्र एकच आहे. वस्त्र विणणे हे पोटासाठी पत्करलेले हलके काम नसून सर्वांची लाज राखण्याकरिता ईश्वराने नेमून दिलेले काम आहे, असे या सर्व कथा सांगतात.

परंतु कथेतील या भागाकडे आपले लक्ष कमी जाते. देवाच्या अंगापासून जन्म आणि आमोदनगरीचे राज्य या दोनच गोष्टी आपण धरून बसतो. मग कोणी म्हणतो आपण ब्राह्मण, कोणी म्हणतो क्षत्रिय. आणि बैठकीचा निम्मा वेळ त्या वादात जातो. हा वाद आम्ही तरुणपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने कोणाच्या मुलाची फी भरली गेली किंवा कोणाच्या मुलीचे लग्न जमले, असे आमच्या पाहण्यात नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे या वादाचा निकाल सातव्या अवताराच्या चरित्रात लागलेला आहे.

ठाणे जिल्ह्याच्या रानातील आपण लोक, आणि चरित्रनायक कानडी मुलखातील. हा संबंध कसा, अशी शंका कोणी घेईल. विणकराचा मुलूख नकाशावरील रेघांनी ठरत नाही. सुताच्या आणि कापडाच्या वाटेने ठरतो. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाट चढला की जुन्नर लागते. ही सातवाहनकाळची व्यापारी वाट. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक ग्रंथात तेर नगराहून पुष्कळ जाडेभरडे कापड आणि मलमल बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठणचा आणि आपल्या कल्याण बंदराचाही उल्लेख सापडतो. शहापूरहून कसाऱ्याचा थळघाट चढून नाशकास गेले, तर तेथील पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज ठरले. वर्षाचे २४० झाले, आणि त्यांतून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हा हिशेब आम्ही शाळेत मुलांकडून मुद्दाम करवून घेत असू. राजाच्या जावयाने कायमची ठेव विणकरांच्या हाती ठेवावी, एवढी त्या काळी त्यांची पत होती.

नावांचा एक योगही सांगण्यासारखा आहे. शहापूर नावाची गावे अनेक. त्यांतील एक बेळगावला लागून असलेले. पूर्वी ते सांगली संस्थानात होते आणि तेथील साड्या प्रसिद्ध आहेत. दुसरे शहापूर कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात. याच यादगीर जिल्ह्यात, सुरपूरच्या बाजूस, मुदनूर नावाचे गाव आहे. आपल्या शेजारी जसे कल्याण, तसे त्या देशात बिदरकडील बसवकल्याण. ते पुढे चालुक्य राजांची राजधानी झाले. मुदनूर हे दासिमय्यांचे गाव.

त्यांचा काळ इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा शेवट आणि अकराव्याचा पूर्वार्ध असा साधारणपणे धरतात. आपल्या वाचकांना खूण पटावी म्हणून सांगतो : अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये पूर्ण झाले. दासिमय्या त्याच्या एखादी पिढी आधीचे. बसवेश्वरांचा काळ बारावे शतक, म्हणजे दासिमय्या त्यांच्याही सुमारे शंभर वर्षे आधीचे. त्यांना जेडर दासिमय्या असेही म्हणतात. जेडर या कानडी शब्दाचा अर्थ विणकर. काही पंडितांच्या मते देवर दासिमय्या आणि जेडर दासिमय्या हे दोन निरनिराळे पुरुष होते. पंडितांनी त्याची चर्चा अवश्य करावी. आपल्या परंपरेने दोन्ही नावे एकाच पुरुषाची मानली आहेत आणि आम्ही तोच मार्ग येथे धरला आहे.

मुदनूर येथे रामनाथाचे देवालय आहे. रामाने पूजिलेला शिव तो रामनाथ. हेच दासिमय्यांचे आराध्य दैवत, आणि त्यांच्या प्रत्येक वचनाच्या शेवटी हेच नाव मुद्रेसारखे येते. तरुणपणी त्यांना वैराग्य झाले. घरदार सोडून ते घोर अरण्यात गेले आणि देह झिजवून तप करू लागले. अशा तपाने शंकर प्रसन्न होतात आणि वर देतात, हे आपण सर्व पुराणांत वाचतो. येथे मात्र निराळेच घडले. शंकर प्रकट झाले, आणि त्यांनी देहाला असे छळू नये, लोकांत परत जावे, हाताने काम करावे आणि त्या कामातूनच आपली पूजा करावी, असा उपदेश केला. दासिमय्या उठले, गावी आले आणि मागावर बसले. त्यांचे माग कोठे होते, ती जागा मुदनूरचे लोक दाखवीत असत.

या प्रसंगावर वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. पहिल्या अवतारात देवलांना सूत मिळाले, देवीचे साहाय्य मिळाले आणि राज्यही मिळाले. मधल्या अवतारांत विद्याधर, पुष्पदंत, वेताळ, वररुची अशी मोठमोठी नावे परंपरा सांगते. त्यांत कोणी गंधर्वलोकीचा, तर कोणी व्याकरणशास्त्राचा पंडित. सातव्या आणि अखेरच्या अवतारात हाती काय आले? खड्ड्याचा माग, धोटा आणि फणी. पूर्वजांनी ही मालिका रचताना शेवटची पायरी मागावर आणून ठेविली, ती न कळून ठेविली असे आम्हांस वाटत नाही. राज्य आणि पांडित्य ओलांडून जेथे पोहोचावयाचे, ते स्थान कामाचे आहे, असा तिचा अर्थ आम्ही लावतो.

पुढे दासिमय्यांनी विवाह करण्याचे ठरविले. त्याची कथा मोठी गमतीची आहे. त्यांनी बरोबर ऊस आणि रेती मिसळलेले तांदूळ घेतले आणि गावोगाव वधूचा शोध चालविला. अट अशी की, पाणी आणि सरपण न घेता या जिनसांची खीर करून द्यावी. पुष्कळ मुलींनी हसून सोडून दिले. दुग्गळे नावाच्या मुलीने मात्र तांदूळ निवडून रेती वेगळी केली, ऊस पिळून रस काढला, उरलेली चिपाडे वाळवून पेटविली आणि रसातच तांदूळ शिजविले. दासिमय्यांनी तिला वरले. हुंड्याची बोलणी आणि पत्रिकेची गुणांची बेरीज यांवर आपल्याकडे रात्री जागविल्या जातात. आपल्या कुळाच्या संताने वधूचे कोणते गुण पाहिले, हे या कथेवरून समजावे. हाती असलेली कोणतीच वस्तू वाया न जाऊ देण्याची बुद्धी त्याने पाहिली.

दुग्गळे केवळ संतपत्नी म्हणून राहिल्या नाहीत. त्यांनी स्वतः वचने रचिली, आणि त्यांच्या मुद्रेत पतीचे आणि रामनाथाचे नाव एकत्र येते. इतिहासात ज्यांची नावे टिकली, अशा कन्नड वचनकर्त्या स्त्रियांत त्या अगदी आरंभीच्या. विणकराच्या घरात हे स्वाभाविक होते, असे आम्हांस वाटते. माग एकट्या पुरुषाने कधी चालला नाही. रहाट फिरविणे, कांड्या भरणे, ताण्याला खळ लावून पांजणी करणे, ही कामे घरच्या बायकांच्या हातची. त्या उठल्या नाहीत तर धोटा रिकामा. देहाच्या आतला जीव स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, असा विचार दासिमय्यांनी एका वचनात मांडला आहे. असा विचार मागाच्या एका बाजूस स्वतः आणि दुसऱ्या बाजूस दुग्गळे बसलेल्या असताना सुचला असला, तर त्यात नवल नाही.

दासिमय्यांच्या सर्व कथांत वस्त्राची कथा श्रेष्ठ होय. त्यांनी वर्षानुवर्षे खपून एक अतिशय तलम वस्त्र विणले. ते घेऊन बाजारात गेले, तर त्याची किंमत कोणालाच करता येईना. दिवस मावळता एक म्हातारा जंगम भेटला. त्याने थंडीसाठी वस्त्र मागितले. दासिमय्यांनी किंमत न विचारता ते त्याच्या हाती दिले. म्हाताऱ्याने त्यांच्या देखत ते टराटरा फाडले आणि चिंध्या चारी दिशांस भिरकावल्या. विणकराच्या काळजाला काय झाले असेल, हे विणकरालाच कळावे. दासिमय्यांच्या मुद्रेवर मात्र रागाची रेघ उमटली नाही. दिलेली वस्तू घेणाऱ्याची. तिचे त्याने काय करावे हा त्याचा अधिकार. उलट त्यांनी म्हाताऱ्याला घरी नेले आणि दुग्गळेंनी त्याला जेवू घातले. तो म्हातारा म्हणजे साक्षात शंकर होते. त्यांनी कधी न सरणारे धान्य दिले, त्यास तवनिधी म्हणतात. बसवेश्वरांच्या काळातील शरणांनीही या कथेचे स्मरण आदराने केले आहे.

या कथेत दानाचा महिमा आहे हे खरेच. परंतु आम्हांस तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. वस्त्र फाटले, पण विणणारे हात शाबूत राहिले. ज्याला पुन्हा विणता येते, त्याला फाटल्याचे भय नाही.

दासिमय्यांची कीर्ती हळूहळू पसरली. रानात राहणाऱ्या शिकारी लोकांमध्ये ते गेले आणि त्यांनी त्यांना हिंसा सोडून शांत मार्गाने निर्वाह करण्यास शिकविले, असे सांगतात. आपल्या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी बांधव आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी आहेत. त्यांच्याशी वागताना आपण कोणाचे वारस आहोत, याचे स्मरण ठेवावे. पुढे चालुक्य राजा जयसिंह दुसरा, ज्याची कारकीर्द इ.स. १०१५ पासून सुमारे १०४३ पर्यंत झाली, त्याच्या दरबारापर्यंत दासिमय्यांचे नाव पोहोचले. राणी सुग्गले ही त्यांची शिष्या झाली आणि तिच्यामुळे राजाचेही मन शिवभक्तीकडे वळले, असे परंपरा सांगते. मुदनूरचा मागवाला राजाच्या घरचा गुरू झाला. तरीही त्यांनी माग सोडल्याची कथा कोठेही नाही. राजगुरू म्हणून त्यांचे नाव उरले नाही. जेडर म्हणजे विणकर हेच नाव उरले.

त्यांच्या वचनांची भाषा पंडिती नाही. ती घरची आणि शेतावरची आहे. पृथ्वी, पाऊस, वारा ही सर्व देवाची देणगी, तेव्हा त्याची देणगी खाऊन दुसऱ्याचे गोडवे गाणाऱ्यांस ते फटकारतात. भक्ताचा जन्म कोठे झाला यापेक्षा त्याची भक्ती कशी, हे ते पाहतात. त्यांनी घालून दिलेल्या या वाटेने पुढे बसवेश्वर, अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी आल्या. इ.स. १९७३ मध्ये ए. के. रामानुजन यांनी वचनांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा याच तिघांच्या पंक्तीस त्यांनी दासिमय्यांना बसविले. त्यामुळे सातासमुद्रापलीकडचे वाचक आज हे नाव जाणतात. ठाणे जिल्ह्यातील त्यांच्या ज्ञातीच्या मुलांना मात्र ते ठाऊक नाही, ही खंतावणारी गोष्ट आहे.

जन्मावरून माणसाची प्रत ठरवू न देणाऱ्या संताची पुण्यस्मृती एका ज्ञातीने साजरी करावी, यात विसंगती आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे आणि तो टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. यावर आमचे उत्तर एवढेच की, ज्ञाती म्हणून आपण जमावे ते एकमेकांच्या मुलांना शिकविण्यासाठी आणि अडल्यास हात देण्यासाठी. दुसऱ्यापेक्षा वर बसण्यासाठी नव्हे. तशी बैठक भरली तर दासिमय्यांचे नाव घेण्याचा अधिकार आपणांस राहील. आपण ब्राह्मण की क्षत्रिय, हा वाद ज्या दिवशी मिटेल, त्या दिवशी सातव्या अवताराचे कार्य आपल्यापुरते पूर्ण झाले असे आम्ही समजू.

आता आपल्या स्थितीकडे पाहू. आमच्या माहितीतील घरांत आज हातमाग चालत नाही. भात आणि नागलीच्या या मुलखात कापूस कधी पिकला नाही. सूत नेहमी बाहेरून आणावे लागे. गिरणीचे कापड आले, मग शेजारच्या भिवंडीत यंत्रमाग आले, आणि हाताचा माग मागे पडला. आपली मुले आता आसनगावहून लोकल गाडीने ठाण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जातात, कोणी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका. हे चांगलेच झाले. माग गेला म्हणून रडत बसावे, असे दासिमय्यांच्या चरित्रात काहीच नाही. परंतु माग जाताना त्याची आठवणही गेली, तर आपल्याजवळ केवळ आडनावे उरतील.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, चैत्र शुद्ध पंचमीस दासिमय्यांची जयंती कर्नाटकात साजरी होते. ती आपणही दोन्ही तालुक्यांत मिळून करावी, आणि त्या दिवशी दुग्गळेंचे नाव घेऊन आपल्या भगिनींना व्यासपीठावर पहिले स्थान द्यावे. दुसरी, पौष पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेला आपण सर्व जमतोच. त्याच पौर्णिमेस बदामीजवळ बनशंकरीची, म्हणजे आपल्यातील अनेक घरांच्या कुलदेवतेची, यात्रा असते. ज्यांना तिकडे जाणे जमत नाही, त्यांनी म्हशाला एक घटका एकत्र बसावे. तिसरी सूचना सर्वांत निकडीची आहे. प्रत्येक घराने एक वही घालावी. आपला माग कोणत्या गावी, घराच्या कोणत्या कोपऱ्यात होता. त्यावर लुगडे निघे की पंचा. सूत कोणत्या बाजारातून येई. पांजणी कोण करी. मागाच्या भागांना घरात कोणती नावे होती. शेवटचा तागा कोणत्या साली उतरला. हे सर्व त्या वहीत लिहावे. ज्यांच्या हातांनी धोटा फेकला किंवा कांड्या भरल्या, अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यातील बऱ्याच आजीबाई आहेत, आणि त्यांना आजवर कोणी काही विचारलेले नाही. पुढील स्मरणिकेपर्यंत त्यांपैकी किती आपल्यात असतील, हे ईश्वर जाणे. वही लिहिण्याच्या कामी ज्यांना साहाय्य हवे असेल, त्यांच्या घरी आम्ही स्वतः येऊन लिहून घेऊ. अक्षर अजून वाचण्याजोगे आहे.

देवल महर्षींना कमळाचे तंतू मिळाले, दासिमय्यांना माग मिळाला, आणि आपल्या वाट्यास या दोहोंची आठवण आली आहे. ती जपून पुढच्या हाती देणे हेच आता आपले विणकाम होय. चौंडेश्वरी माता ते आपल्या हातून करवून घेवो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.